शिल्प गटाचं, हात कुणाचा?

बेंगळुरूतल्या मोठ्या खाजगी शाळांच्या प्रवेशदालनात अलीकडे एक शिल्प असतं. बहुधा झाड असतं. झाड नसेल तर उघडलेला पंजा, पृथ्वीचा गोल किंवा पंख पसरलेला पक्षी. आत सळया आणि बारीक तारेची जाळी, वर कागदाचा लगदा, त्यावर चिकटवलेल्या जुन्या सीडी, बाटल्यांची झाकणं, मोडक्या कीबोर्डांची बटणं. शेजारी पाटी: नववीच्या अमुक इतक्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेलं शिल्प. पाटीवर ‘सहकार्य’ असतं, ‘शाश्वतता’ असते, ‘सहवेदना’ असते. मुलांची नावं नसतात. ‘एवढी नावं कुठे बसवणार?’ असं विचारलं जातं. विश्वस्तांची नावं त्याच भिंतीवर संगमरवरात बसलेली असतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना शिल्प शिकवण्याचा हा जो ‘ग्रुप प्रोजेक्ट’ नावाचा प्रकार आहे, त्यात शिल्प शिकवलं जात नाही. काही मुलांना बोलायला शिकवलं जातं आणि उरलेल्यांना बोलणाऱ्यांच्या हाताखाली राबायला. हे बोलणं इंग्रजीत असतं. म्हणजे ज्या एका तासात इंग्रजीचं राज्य चालू नये, जिथे माती, तार आणि अंगठा यांच्यापुढे सगळ्या भाषा सारख्याच मुक्या असाव्यात, तिथेही आपण इंग्रजीला गादीवर बसवून मोकळे झालो आहोत.

मी शिल्पकार नाही, अनुवादक आहे. या विषयात तोंड घालायचं कारणही अनुवादच. काही वर्षांपूर्वी इथल्या एका उपक्रमाच्या पुस्तिकेसाठी मुलांनी लिहिलेल्या कन्नड नोंदी इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. एका खाजगी शाळेतली आणि जवळच्या सरकारी शाळेतली मुलं एकत्र करून, पाच-पाचांचे गट पाडून, तीन आठवडे मातीकाम करून घेतलं होतं. प्रत्येक गटाने एक मोठं डोकं करायचं. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी इंग्रजीत लिहिलं, कन्नडमध्ये लिहिणाऱ्यांनी कन्नडमध्ये. एकाच डोक्याबद्दलच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा योग मला तिथे आला. इंग्रजी नोंदीचा आशय असा: आम्ही एकमेकांच्या दृष्टिकोनांचा आदर करायला शिकलो, मतभेद सोडवायला शिकलो, नेतृत्व म्हणजे काय ते कळलं. कन्नड नोंद सरकारी शाळेतल्या एका मुलाची. त्याने लिहिलं होतं की मानेपाशी तार एकेरी होती म्हणून डोकं रोज सकाळी थोडं पुढे कललेलं असायचं. त्याने दुसरी तार पहिलीला पीळ देऊन बांधली. रात्री पांघरायचं गोणपाट फार ओलं राहिलं की हनुवटी सुटते आणि कमी ओलं राहिलं की कान तडकतात. चौथ्या दिवशी त्याला गोणपाट किती पिळायचं ते कळलं. आणि गाल तळव्याने थापून होत नाही, आतून बाहेर अंगठ्याने ढकलत आणावा लागतो.

या नोंदीत त्याने ‘हद’ असा शब्द वापरला होता. मराठी वाचकाला ‘हद्द’ आठवेल, पण हा शब्द वेगळा. मातीला, कणकेला, गुळाच्या पाकाला जी नेमकी अवस्था यावी लागते ती कन्नडमधली हद. आपल्याकडे पेरणीआधी जमिनीला वाफसा येतो, पाकाला तार येते, कणीक मुरते. कन्नड माणूस या सगळ्याला एकाच शब्दात पकडतो. इंग्रजीत मी तीन-चार पर्याय करून पाहिले, एकही पटला नाही. पुढे तो प्रश्नच मिटला. पुस्तिकेच्या आयोजकांनी त्या मुलाची नोंद कापून एका ओळीवर आणली आणि गटाच्या नावाने इंग्रजी मजकूर तेवढा छापला. कारण विचारलं तर उत्तर आलं की आम्हाला ‘लर्निंग्ज’ हवी आहेत, ही तर प्रक्रिया आहे.

शिल्पात प्रक्रिया सोडून आणखी काय शिकायचं असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हा एका आयोजकाचा दोष असता तर लेख लिहायची गरज नव्हती. दोष रचनेतच आहे. शाळेतला गटप्रकल्प कसा चालतो ते पाहा. पहिले दोन तास ‘कल्पना मांडा’ यात जातात. वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं असतात, तेलुगू, तमिळ, दख्खनी उर्दू, मल्याळम, हिंदी बोलणारी असतात, दोन-तीन मराठीही असतात. गटाची भाषा मात्र इंग्रजी. ज्याची इंग्रजी सफाईदार त्याची कल्पना चांगली. तिसऱ्या तासाला कल्पना कागदावर काढली जाते. इथेच शिल्प संपतं, कारण त्याचा निर्णय कागदावर, एका बाजूने पाहून, माती हातात न घेता झालेला असतो. पुढचे सगळे तास अंमलबजावणीचे. कामं वाटली जातात. एक मुलगी कागद फाडते, एक मुलगा फेव्हिकॉल पातळ करतो, दोघं झाकणं रंगवतात आणि ती पाचही आठवडे झाकणंच रंगवतात. गटात एखादा असा निघतो ज्याचे वडील गवंडी आहेत किंवा वेल्डर, किंवा ज्याच्या घरी शिलाई मशीन चालतं. त्याचा हात बसलेला असतो. मग सगळे म्हणतात, तुला जमतं ना, तू कर. हे कौतुकासारखं ऐकू येतं. पण सांगणारा एक आणि करणारा दुसरा ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जातींची नावं आहेत. नववीच्या वर्गात, ‘सहकार्य’ या शीर्षकाखाली, आपण ती वाटणी नव्याने रुजवतो आणि तिला गुण देतो.

गुण कशाला मिळतात हेही पाहण्यासारखं आहे. २०२० मध्ये केंद्रीय मंडळाने पहिली ते दहावी कलासमाकलित प्रकल्प बंधनकारक केले. म्हणजे कला हा विषय म्हणून नाही, तर गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकण्याचं साधन म्हणून. शिवाय ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेतल्या जोडराज्यांशी तो जोडायचा. कर्नाटकाची जोडी उत्तराखंडाशी, महाराष्ट्राची ओडिशाशी. परिणामी बेंगळुरूत थर्माकोलची केदारनाथं उभी राहतात आणि पुण्यात पुठ्ठ्याची कोणार्कची चाकं फिरतात, प्रत्येक चाकामागे पाच मुलं. शेवटी सादरीकरण असतं. सादरीकरण बोलून करायचं असतं, म्हणजे पुन्हा पहिल्या दोन तासांतली तीच मुलं पुढे. चाकाचे आरे ज्याने कापले तो पडद्यामागे चाक धरून उभा असतो, कारण ते नीट उभं राहत नाही.

गंमत अशी की याच मंडळाकडे अकरावी-बारावीला शिल्पकला हा स्वतंत्र विषय आहे. त्यात उठावशिल्प आहे, पूर्णाकृती आहे, शंभरातले सत्तर गुण प्रात्यक्षिकाला आहेत, आणि ते प्रत्येकाने आपापल्या हाताने करायचं आहे. हा विषय शिकवणारी शाळा बेंगळुरूत शोधायला निघा. चित्रकला शिकवणाऱ्या सापडतील. महाराष्ट्राने फार खूष होऊ नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन आपल्या पिढ्यान्‌पिढ्या निघाल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, सगळं कागदावर. त्या परीक्षेत मातीचा गोळा कुणाच्या हातात आला नाही. तेव्हा गटप्रकल्पाने एखादा भरभराटीचा शिल्पवर्ग बुडवला, असं मी म्हणत नाही. मुळात काही नव्हतंच. त्या मोकळ्या जागेत हे झाड उगवलं, आणि आता जागा भरली आहे असं सगळ्यांना वाटतं, ही माझी तक्रार आहे.

शिल्पात एकट्याने काही होत नाही हे मला मान्य आहे. उलट मी म्हणते की शिल्पाइतकं खरं सहकार्य क्वचितच कुठल्या कलेत असेल. पण ते वस्तूच्या गरजेतून येतं, पाटीसाठी येत नाही. मातीच्या डोक्याचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा असेल तर काय करावं लागतं ते एकदा उभं राहून पाहावं. एकदाच वापरून फोडायचा साचा, ज्याला कारागीर वेस्ट मोल्ड म्हणतात, त्याची गोष्ट सांगते. आधी मातीच्या डोक्याचे दोन भाग पाडण्यासाठी कानांमागून पत्र्याचे छोटे तुकडे ओळीने खोचतात. मग पाण्यात प्लास्टर कालवायचं. कालवलं की घड्याळ सुरू. दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होणार, तुमचं एकमत झालेलं असो वा नसो. एकाने कालवायचं, दुसऱ्याने बोटांनी मातीवर असं उडवायचं की नाकपुडीत, पापणीखाली हवा अडकू नये, तिसऱ्याने पत्र्याच्या कडा पुसत राहायच्या, चौथ्याने पुढचं घमेलं तयार ठेवायचं. इथे चार माणसं लागतात कारण एका माणसाला दोनच हात असतात.

आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढे आहे. पहिल्या थराच्या पाण्यात चिमूटभर रंग टाकतात, नीळ किंवा पिवडी. त्यावरचे जाड थर पांढरे. साचा घट्ट झाला की तो उघडून आतली माती काढायची, साचा धुऊन आत साबण लावायचा, पुन्हा जोडून त्यात प्लास्टर ओतायचं, आणि ते मुरलं की बाहेरचा साचा छिन्नीने तुकड्या-तुकड्याने उडवायचा. पांढरं उडत असतं तोवर हात मोकळा. निळसर दिसलं की सावध: आता खाली नाक आहे. तो निळा थर म्हणजे पहिल्या दिवशी प्लास्टर उडवणाऱ्या मुलाने चौथ्या दिवशी छिन्नी धरणाऱ्या मुलीला धाडलेला निरोप असतो. त्याने रंग नीट मिसळला नसेल, एखाद्या जागी थर विरळ सोडला असेल, तर नाक जाईल. आणि नाक कुणामुळे गेलं हे सगळ्यांना कळेल. तो निरोप पोचायला त्या दोघांना एकमेकांची भाषा यावी लागत नाही. शाळांना जे ‘संघभावना’ म्हणून हवं असतं ते हेच आहे, पण त्यासाठी नाक जाण्याची शक्यता ठेवावी लागते. झाकणांच्या झाडात कुणाचंच काही जात नाही.

रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ मध्ये दोर ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. माणसं वाढली की प्रत्येकाची ओढ घटते, हे त्याने मोजलं. आपल्या आज्यांना हे दोराविना माहीत होतं; बारभाईंची खेती हा शब्दप्रयोग मराठीत उगीच आलेला नाही. प्रत्येकाची ओढ वेगळी दिसली की घट थांबते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हे रोज दिसतं. साच्यात माती दाबणारे वेगळे, सांधे जुळवून मूर्ती घोटणारे वेगळे, रंगाचे हात देणारे वेगळे, आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळा. मूर्तीवर कुणाचं नाव नसतं, पण कारखान्यात कुणाला विचारा, ही आखणी कुणाची; पटकन सांगतील. नवा पोरगा वर्षानुवर्षं आखणीकडे बघत माती मळतो, आणि आपण कुठे आहोत व कुठे जायचं आहे हे त्याला ठाऊक असतं. या व्यवस्थेत शोषण नाही असं नाही. मजुरी किती, हंगाम संपल्यावर काय, हे प्रश्न आहेत. पण कामाचा मालक कोण याबद्दलची लबाडी तिथे नाही.

याच निमित्ताने सांगून टाकते: ऑगस्टमध्ये बेंगळुरूभर मातीच्या गणपतीच्या कार्यशाळा भरतात. कलेच्या क्षेत्रातले लोक त्यांना नाकं मुरडतात. सगळ्यांचे गणपती एकसारखे, तासाभराचं काम, वर पर्यावरणाचं प्रवचन. सगळं खरं. पण त्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा गोळा मिळतो, सोंड प्रत्येकाची स्वतःची पडते आणि ती का पडली ते त्याचं त्याला शोधावं लागतं. त्या तासाभरात एखादं पोर सांध्याला आधी खरवडून चिखल लावायला शिकतं. पाच आठवड्यांच्या झाडाने हे शिकवलेलं मी पाहिलेलं नाही.

आता परंपरेचा मुद्दा. गटप्रकल्पावर टीका केली की हमखास ऐकवलं जातं: आपल्या परंपरेत कलावंत अनामच असतो, सही ही पाश्चात्त्यांची अहंता. हे बेंगळुरूत बसून म्हणणाऱ्यांची मला कमाल वाटते, कारण याच शाळांच्या सहली दरवर्षी बेलूर-हळेबीडला आणि सोमनाथपूरला जातात. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ चं. तिथल्या मदनिकांखाली शिल्पींच्या सह्या आहेत. बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण, दोघांच्या. नुसती नावं नाहीत. प्रतिस्पर्धी शिल्पींचा गर्व उतरवणारा, अशा थाटाच्या बिरुदांसकट. सोमनाथपूरच्या १२६८ च्या मंदिरात मल्लितम्माची सही पुन्हा पुन्हा भेटते. इतिहासकार ष. शेट्टर यांनी होयसळ शिल्पींच्या या सह्यांवर काम केलं आहे. ते वाचलं की देऊळ म्हणजे निनावी भक्तांचा मेळा नव्हता, गावोगावहून आलेल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या आणि एकमेकांवर जळणाऱ्या कारागिरांचा तळ होता हे दिसतं. त्याहून मोठं सामूहिक शिल्प शाळा कुठून आणणार? आणि त्या समूहात बापाने आपल्या कामाखाली आपलं नाव घातलं, मुलाने आपल्या. सहलीतली मुलं मदनिकेकडे मान वर करून बघतात. पायाशी काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवत नाही.

अनाम व्हायची परंपरा आपल्याकडे आहेच, पण ती बहुतेक वेळा कारागिराने निवडलेली नसते. विधान सौध १९५१ ते १९५६ या काळात उभं राहिलं. हजारो मजूर राबले, त्यांत कैदी मोठ्या संख्येने होते. ग्रॅनाइटवर छिन्नी चालवणारे पाथरवट होते. दर्शनी भागावर ‘सरकारचं काम देवाचं काम’ अशा अर्थाची ओळ कोरली आहे. ती ओळ कोणत्या हाताने कोरली ते शोधू म्हटलं तर हाताला काही लागत नाही. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांचं नाव मात्र पोराटोरांना पाठ. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस हा तर विद्यार्थ्यांचा गटप्रकल्पच होता. १८७८ ला सुरू झालेल्या त्या इमारतीवरची पानं, फुलं, पक्षी, माकडं यांचं बरंचसं नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. वास्तुरचनाकार स्टीव्हन्स यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. लोकलसाठी पळताना ज्या माकडाखालून आपण जातो ते कुण्या विद्यार्थ्याचं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. अनुवादकाला हा अनुभव नवा नाही. मुखपृष्ठावर मूळ लेखक असतो, आणि आम्ही आत कुठेतरी कॉपीराइटच्या पानावर, बारीक टायपात, छापखान्याच्या पत्त्याच्या वर.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं जमत नाही. त्यांच्या मते शिल्प ही प्रतिभावंतांची गोष्ट, ती वर्गात शिकवता येत नाही, गटात तर नाहीच. ते म्हात्र्यांचं नाव घेतात: विशीच्या आसपासच्या, जे. जे. मध्ये शिकणाऱ्या गणपतराव म्हात्र्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली, ती काय गटात? नाही, गटात नाही. पण करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी १९२८ मध्ये उभा राहिला तो एकट्याने ओतता येणारा नव्हता. भट्टी, मुशी, ओतारी, चढवणारे-उतरवणारे, सगळे लागले. घोड्याच्या मानेचा पीळ करमरकरांचा, आणि धातू न चिरता थंड झाला ते श्रेय ओताऱ्यांचं. एकट्याचं किती आणि अनेकांचं किती, ही रेघ प्रत्येक शिल्पात वेगळ्या ठिकाणी पडते. मुलांना ती कुठे पडते हे बघायला शिकवणं म्हणजे शिल्प शिकवणं. गटप्रकल्प ती पुसतो, प्रतिभेचे पुजारी ती ओढूच देत नाहीत.

गटकाम चांगलं झाल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. शांतिनिकेतनच्या कलाभवनात १९३० च्या दशकात विद्यार्थी आणि शिक्षकांनी मिळून एक मातीची इमारत उठावशिल्पांनी मढवली आणि वर डांबर चढवलं. काळं घर म्हणून ती ओळखली जाते. ती विद्यार्थ्यांना राहण्यासाठी होती, आणि मातीच्या भिंतीची सतत डागडुजी करावी लागते, म्हणून त्या कामाला ‘उद्घाटनानंतर’ अशी गोष्टच नव्हती. तिथे नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांचे हात मुलांच्या हातांशेजारी मातीत होते. आपल्या वर्ध्याला १९३७ मध्ये नयी तालीमची परिषद झाली; पुढे सेवाग्रामला १९४४ पासून देवीप्रसाद हे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार-कुंभार मुलांना कला शिकवत होते. तिथल्या सूतकताईत कापड सगळ्यांचं असे, पण ज्याचं त्याचं सूत मोजलं जाई. आणि खुद्द बेंगळुरूत शिल्पकार जॉन देवराज यांनी बॉर्नफ्री आर्ट स्कूलमध्ये, मजुरीतून सुटलेल्या मुलांसोबत शिल्प, नाच, चित्रपट असं सगळं केलं. त्या मुलांच्या हातांना कामाची ओळख नको तितकी आधीच झालेली होती. तेच हात स्वतःसाठी काही करू शकतात, हे त्यांना प्रथमच दिसलं असणार. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. शिकवणाऱ्याचे हात मळलेले होते. शाळेच्या प्रकल्पात शिक्षकाच्या हातात गुणांचा तक्ता असतो.

‘पण चाळीस मुलं, एक शिक्षक, आठवड्याला एक तास, कसं जमणार?’ हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे आणि त्यांच्याबद्दल मला राग नाही. कलाशिक्षक शाळेत सगळ्यात दुबळा; स्नेहसंमेलनाचा रंगमंच, प्रजासत्ताक दिनाची रांगोळी, मुख्याध्यापकांच्या खोलीतला पडदा, सगळं त्याच्याच अंगावर. माझा राग या काटकसरीला तत्त्वज्ञान म्हणून विकणाऱ्यांवर आहे. चाळीस पाट, चाळीस गोळे आणि ते ओले ठेवायला एक अंधारी खोली द्यायची नाही म्हणून एक सांगाडा दिला जातो. हे स्पष्ट सांगावं. त्याला ‘एकविसाव्या शतकाची कौशल्यं’ म्हणू नये. या शहरात टीम बिल्डिंगचा एवढा धंदा चालतो की ती भाषा कचेऱ्यांतून शाळेत आणि शाळेतून मातीच्या गोळ्यापर्यंत कधी पोचली ते कळलंही नाही. माती तर महागही नाही. ती वाळली तरी भिजवून परत मळता येते. एकाच पोत्यावर तीन-चार वर्गांची वर्षं निघतात. झाकणांच्या झाडाचं शेवटी काय होतं ते शाळेच्या गच्चीवर जाऊन पाहावं.

मग काय करावं? पहिलं, गट पाडण्याआधी प्रत्येक मुलाने एकट्याने मूठभर मातीचं एक डोकं करावं, चारही बाजूंनी, आणि ते मोडून पुन्हा करावं. ज्याला सांगाडा का लागतो हे स्वतःच्या पडलेल्या डोक्यातून कळलेलं नाही, त्याने गटात मत देऊ नये. त्याची इंग्रजी कितीही गोड असो. मग दोघा-दोघांनी एकमेकांच्या डोक्यांचे साचे घ्यावेत. गट त्यानंतर. कल्पना कागदावर नको, तळहाताएवढ्या मातीच्या नमुन्यांतून ठरावी. नमुने मांडायचे आणि कुणी काही न बोलता त्यांच्याभोवती फिरायचं. निवड बोटाने दाखवून. कामं दर आठवड्याला फिरली पाहिजेत, झाकणं रंगवणारीने सांगाडा वाकवला पाहिजे. आणि रोजनिशी ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावी. तिचा इंग्रजी अनुवाद करायचा असेल तर गटातल्याच दुसऱ्या मुलाने करावा, लिहिणाऱ्याला शेजारी बसवून. ‘हद’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर नववीतली दोन मुलं अर्धा तास भांडली, तर त्या वर्गात भाषेचाही तास झाला.

शेवटी पाटी. तिच्यावरची सहकार्य, शाश्वतता वगैरे मंडळी उतरवून खाली मजकूर असा हवा: सांगाडा कुणाचा, मानेची दुसरी तार कुणी बांधली, डावा कान कुणाचा, पहिला निळा थर कुणी उडवला, छिन्नी कुणी धरली, तडा कुणी बुजवला, नाक कुणामुळे गेलं आणि ते परत कुणी बसवलं. मजकूर मोठा होईल. विश्वस्तांच्या नावांना थोडं सरकावं लागेल. तो कन्नडमध्ये असावा, उर्दूत, तमिळमध्ये, ज्या ज्या भाषेत नोंदी असतील त्या सगळ्या भाषांत. मराठीचं काम मी पैसे न घेता करून देईन. अनुवादकाचं नाव मात्र पाटीवरच घालायचं, आणि त्याच आकाराच्या अक्षरांत.